चेहरे मोजणारे जनरल

जनरल थानासिस यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना गेटवर अडवले म्हणून. रियाधच्या सुलै भागातल्या आमच्या गोदामाचा मी सुरक्षा पर्यवेक्षक. ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडायचे नाही, हा माझा नियम. समोर पांढऱ्या भुवयांचे, ताठ कण्याचे, सत्तरीचे गृहस्थ. मी त्यांना चांगली वीस मिनिटे उन्हात उभे केले. मग मॅनेजर धावत आले आणि कळले, की हे ग्रीसच्या सैन्यातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झालेले आमचे नवे सुरक्षा सल्लागार. माझ्या तोंडचे पाणीच पळाले. जनरलसाहेबांनी मात्र माझे नाव विचारून वहीत लिहिले आणि म्हणाले, "बरोबर केलेत. उद्याही अडवा." दुसऱ्या दिवशी ते ओळखपत्र हातात धरूनच आले.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहावे, ही त्यांचीच इच्छा. मराठी त्यांना येत नाही. समारंभात माझी मुलगी सकीना हा लेख त्यांना इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. त्यामुळे मला जपून लिहिता येत नाही, खरे तेच लिहावे लागते आहे.

साहेबांचा जन्म डोंगरातल्या एका खेड्यात, मेंढपाळाच्या घरात. तिथून सैनिकी अकादमी, सीमेवरची बर्फातली ठाणी, भूकंपात गावेच्या गावे उकरून माणसे काढणे, परदेशातली शांतिसेना, आणि शेवटी ज्याच्या एका शब्दावर हजारो सैनिक हलत असे पद. निवृत्तीनंतर मुलाकडे रियाधला आले. त्यांच्या पत्नी एलेनीबाई सांगतात, पंधरा दिवसांत त्यांनी घरातली सगळी कपाटे शिस्तीत लावली, तेव्हा "आता बाहेर काहीतरी काम बघा" असे त्यांनीच साहेबांना सुचवले. आमचे नशीब थोर, म्हणून त्यांना आमचे गोदाम मिळाले.

रोज सकाळी ते सगळे गोदाम पायी फिरत. फोर्कलिफ्टवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाशी दोन शब्द बोलत. कुणाच्या आईचे ऑपरेशन झाले, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, अडकला, सगळे त्यांना ठाऊक. आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव घेताना ते माझ्या हातातली यादी बाजूला ठेवायला लावत. म्हणत, "यादी नको. चेहरे बघा आणि कोण नाही ते सांगा." मी "यस सर" म्हणायचो आणि पाठ फिरली की आत येताना प्रत्येकाने फाटकाजवळच्या फळीवर लावलेली हजेरीची कार्डेच मोजायचो. मनात म्हणायचो, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, चालायचेच.

मग ती दुपार आली. पॅकिंगच्या भागात आग लागली. सगळे पटापट बाहेर आले, रांगेत उभे राहिले. मी फळीवरची कार्डे मोजली, रांगेतली डोकी मोजली. दोन्ही आकडे जुळले. "सगळे बाहेर" असे लिहून मी सही ठोकली. जनरलसाहेब तोवर रांगेच्या एका टोकाकडून चेहरे बघत चालले होते. शेवटापर्यंत गेले आणि वळले.

"इब्राहिम कुठे आहेत?"

इब्राहिमचाचा आमच्या गोदामातलेच, माझ्या शेजारच्या गावचे, दापोलीकडले. मी म्हणालो, "सर, ते आज इकाम्याच्या कामाला गेलेत."

"अकरा वाजता त्यांनी मला बिनसाखरेचा चहा दिला," साहेब म्हणाले, आणि नुकत्याच पोहोचलेल्या अग्निशमनाच्या जवानांकडे चालू लागले.

चाचांना कमी ऐकू येते. भोंगा त्यांना ऐकूच गेला नव्हता. जवानांनी त्यांना माळ्यावरून खांद्यावर टाकून आणले, धुराने बेशुद्ध झालेले. चार दिवस इस्पितळात काढून ते सुखरूप परतले. इस्पितळाच्या बाकावर बसलो असताना मी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला कार्ड लागले. चाचांचे. अकराच्या थोडे आधी परत आल्यावर त्यांनी गेटवर माझ्या हातात दिले होते, "बाबा, लाव जरा माझं कार्ड." मी फोनवर बोलत होतो. खिशात टाकले आणि विसरलो.

तसाच साहेबांकडे गेलो आणि कार्ड टेबलावर ठेवले. त्यांनी ते हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, की लेफ्टनंट असताना बर्फात गस्तीहून परतताना त्यांनीही यादी पाहून "सगळे आले" असे सांगितले होते. एक जवान मागे राहिला. सकाळी तो सापडला, वाचला, पण त्याची बोटे गेली. त्यांच्या कॅप्टनने सगळा दोष स्वतःवर घेतला आणि त्या कॅप्टनची बढती कायमची थांबली. "तेव्हापासून मी चेहरे मोजतो," ते म्हणाले.

अहवालात त्यांनी लिहिले, 'मोजणीची पद्धत माणसांच्या अंगवळणी पाडण्यात मी कमी पडलो.' माझे नाव कुठेच नव्हते. कंपनीने त्यांना लेखी ठपका दिला. उभ्या आयुष्यात ज्यांच्या कागदावर डाग नाही अशा माणसाने तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. माझी नोकरी राहिली, सकीनाची शाळा चालू राहिली. मला ते एवढेच म्हणाले, "खलास, विषय संपला. पण ज्याचे कार्ड होते, त्याला एक दिवस तुम्ही स्वतः सांगा." इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्यांच्यासमोर उभे राहताना आजही माझी मान आपोआप खाली जाते.

तो दिवस मी तीन वर्षे पुढे ढकलला. चाचा दर ईदला माझ्या घरी येतात, शेवयांच्या खिरीचा वाडगा संपवतात आणि जनरलसाहेबांना दुआ देतात. मी मान डोलावतो. समारंभात ते पहिल्या रांगेत बसतील, आणि मराठी त्यांना उत्तम वाचता येते. तेव्हा चाचा, तुमचे कार्ड माझ्या खिशात होते. तुम्हाला आत ठेवून "सगळे बाहेर" अशी सही मी केली होती. मला माफ करा.

आणि साहेब, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दर वाढदिवसाला आम्ही सगळे आपल्यासमोर रांगेत उभे राहू. आपण एका टोकाकडून चालत यावे, एकेक चेहरा बघावा. यंदा मी चाचांच्या शेजारी उभा राहणार आहे, त्यांनी राहू दिले तर.