कंपनीने टाकलेले काम

बसवकल्याणच्या आमच्या शकुंतलाअक्का साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो, तेव्हा कौतुकाआधी संतापच वर आला. तो मी लपवणार नाही.

अक्कांची ओळख झाली ती आमच्या बंद पडलेल्या संगणक कक्षामुळे. मी कमलनगरच्या शाळेत शिकवतो. आमच्या संगणकांवर लिनक्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली मोफत संगणकप्रणाली होती. तिची नवी आवृत्ती टाकली आणि नेटवर्क सारखे तुटू लागले. संगणक नेटवर्कला जोडणारी कार्डे बनवणाऱ्या कंपनीला कळवले, तर नवीन कार्डे घ्या, एवढेच उत्तर आले. मग महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या अक्कांना फोन केला. रविवारी त्या स्वतःच बसने, मग जीपने आमच्या शाळेत आल्या. दिवसभर बसून सगळे तपासले आणि म्हणाल्या, "कार्ड बरं हाय. त्याचा ड्रायव्हर बिघडलाय, अन् त्याच्याकडं बघायला कंपनीत कुणी न्हाई."

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांचे बोलणे जुळवून देणारा प्रोग्रॅम. तो सांभाळण्याची जबाबदारी कंपनीने चारचौघांत घेतली होती. प्रत्यक्षात जबाबदार अभियंत्याला कधीच दुसरीकडे हलवले होते, आणि त्याच्या जागी कुणालाही नेमले नव्हते. अक्कांनी दोष शोधला, दुरुस्ती लिहून पाठवली. कंपनी गप्प राहिली. लिनक्सच्या जाणत्यांनी ती तपासून स्वीकारली. आमचा कक्ष सुरू झाला. पण त्या दिवसापासून त्या ड्रायव्हरबद्दलच्या जगभरच्या तक्रारी अक्कांकडे येऊ लागल्या.

मी रागाने त्या अभियंत्याला झोडपणारे पत्र लिहिले होते. अक्कांनी ते पाठवू दिले नाही. "त्याला कामून बोलायलास? त्यानं आपणहून काम सोडलं न्हाई. विचारायचं तर मालकाला विचार," असे त्यांनी मला सुनावले. पुढे त्या अभियंत्याची नोकरी गेली, तेव्हा त्याच्यासाठी शिफारस लिहिणाऱ्याही अक्काच होत्या.

कंपनी पहिल्यांदा बोलली ती भलत्याच गोष्टीसाठी. जुनी कार्डे चालवणारा भाग ड्रायव्हरमधून काढून टाकावा, कारण ती कार्डे आता कुणी वापरत नाही, असा प्रस्ताव तिने लिनक्सच्या जाणत्यांपुढे मांडला. अक्कांनी सर्वांसमोर उत्तर दिले, की कमलनगरच्या शाळेत आणि आळंदच्या वाचनालयात हीच कार्डे चालू आहेत, आणि तुम्हाला माणसे दिसत नाहीत म्हणून ती नसतात असे नव्हे. प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

त्याच कंपनीच्या खोक्यांवर पुढे 'लिनक्सवर उत्तम चालते' असे छापून आले. ते उत्तम चालावे म्हणून अक्का कॉलेजचे तास संपवून घरी राबत होत्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असताना कंपनीच्या नव्या कार्डांतल्या चिपने घोळ घातला. अक्कांनी चिपची अंतर्गत माहिती मागितली. ती गोपनीय असल्याचे कळवले गेले. अंदाजाने चाचपडत दुरुस्ती करण्यात शस्त्रक्रिया पुढे गेली. नंतर कंपनीने सत्काराला बोलावले, तेव्हा अक्कांनी पुन्हा ती माहितीच मागितली. मिळाली नाही. अक्का गेल्या नाहीत.

यंदा त्यांनी जाहीर केले, की आता हे काम कंपनीने स्वतः करावे. आपण फक्त जुनी कार्डे पाहू. मोठ्या गिऱ्हाइकांनी विचारणा करताच कंपनीने काही आठवड्यांतच त्या कामावर अभियंते नेमले. म्हणजे माणसे होती. आमच्यासारख्यांसाठी द्यायची नव्हती. हे कळल्यावर मी भडकलो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "लवकर सोडायला पायजे होतं. पण तुमची शाळा बंद पडली असती न्हवं?"

अक्कांची शस्त्रक्रिया आता झाली आहे आणि डोळे छान आहेत. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सीमाभागातल्या सगळ्यांची इच्छा आहे. आणि त्या आयुष्यातला एकही दिवस कुणा कंपनीचे टाकलेले काम उचलण्यात न जावो.