शेटजींचा धर्माचा तास

आमच्या शेटजींइतका हट्टी माणूस आळेफाट्याच्या चारी रस्त्यांवर दुसरा झाला नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याच्याशी वाद घालायला अख्ख्या पिंपरी पेंढारात कुणी धजत नाही.

शेटजी जैन. आजा राजस्थानातून आलेला, पण यांची मराठी माझ्यापेक्षा रांगडी. फाट्यावर शेतीसामानाचं दुकान. पाइप, मोटारी, फवारणीचे पंप सगळं मिळायचं, फवारायचं औषध तेवढं मिळायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेटजी, पंप दिला, आता त्यात भरू काय?" शेटजी म्हणायचे, "ते तुमचं तुमी बघा राव. जीव घ्यायची बाटली माझ्या फळीवर न्हाई." दुकानात उंदीर जिवंत धरायचे आणि लांब नेऊन सोडायचे. ते लांब म्हणजे माझं शिवार, हे मला फार उशिरा कळलं. पायाखाली मुंगी दिसली की माणूस भर रस्त्यात थांबायचा, आणि मागचा नाशिकचा ट्रक हॉर्न देत उभा. पर्युषण संपलं की हात जोडून फाटाभर क्षमा मागत फिरायचे. गॅरेजवाला म्हणायचा, "आवं, पण तुमी माझं वाईट केलं कधी?" तर म्हणायचे, "केलं नसंल तर पुढच्याला जमा धरा."

अशा या माणसानं समाजातल्या चार जणांना धरून शाळा काढली. मी चौथीत शाळा सोडलेला, पण माझी नात तिथं घातली. पहिला तास धर्माचा. नवकार मंत्र, महावीरांच्या गोष्टी. शेटजी दुकान उघडं टाकून स्वतः शिकवायला जायचे. पोर मराठ्याचं असो, मुसलमानाचं असो, सगळ्यांनी बसायचं. तो तास म्हणजे त्यांचा जीव. पण मास्तरांचे पगार दुकानातून निघेनात आणि एकेक मास्तर दुसरीकडं जाऊ लागला. शाळा टिकवायची तर सरकारी अनुदान घेणं आलं.

तपासणीला पुण्याहून साहेब आले. म्हणाले, "सरकारचा पैसा घेतलात की धर्माचा तास कुणावर लादता येणार नाही. आईबापांची परवानगी पाहिजे." कमिटीतले म्हणाले, तास बंद करा, भानगड नको. शेटजी म्हणाले, "शाळाबी ठेवणार, तासबी ठेवणार." या वादात दिवस मावळला. मावळल्यावर शेटजींच्या चुलीवर भांडं चढत नाही. अनुदान ज्याच्या हातात तो साहेब भुकेला बसलेला, आणि आमचे शेटजी मला म्हणतात, "पाटील, साहेबांना तुमच्याकडं न्या. माझी चूल निजली." मी पिठलं-भाकरी घातली. साहेब बोटं चाटत म्हणाला, "हा माणूस तास सोडायचा नाही." मी म्हणालो, "अनुदानबी सोडायचा नाही."

मग शेटजींनी तास शाळा सुटल्यावर ठेवला आणि दारोदार परवानगी मागत निघाले. फटफटी होती, पण चालत. माझ्या दारात आले तेव्हा मी सरळ सांगितलं, "शेटजी, आमच्या घरात खंडोबा आहे. नात तुमच्या तासाला बसणार नाही." आतून आमची कारभारीण करवादली. शेटजी मात्र खुलले. "बरं झालं पाटील! समदेच हो म्हणत हुते. सायबाला वाटलं असतं, मी दटावून आलो."

अनुदान आलं, मास्तर थांबले. पण तासाला पोरं उरली ओंजळभर. दारात हो म्हणणं वेगळं आणि शाळा सुटल्यावर पोरगं थांबणं वेगळं. जी बसत नव्हती आणि ज्यांची एसटी उशिरा होती, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत शेटजींनी पदरचा कॅरम ठेवला. आमची नात तिथंच बसायची. तिथं एवढा कालवा चाले की शेटजींना आवाज चढवून शिकवावं लागे. तरी मास्तरांना त्या पोरांवर ओरडू देत नसत.

चैत्रात एकदा नात शेंगा फोडता फोडता नवकार म्हणायला लागली. अख्खा, न अडखळता. पहिल्या तासाला बसायची तेव्हा तिला अर्धाही येत नव्हता. मी दुकानात जाऊन टोमणा मारला, "काय शेटजी, नात घरी नवकार म्हणते, आणि बसते तर भिंतीपलीकडं!"

शेटजींचा चेहराच उतरला. "खिडकीतनं ऐकू जात असंल. चुकलंच."

दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आबा, शेटजींनी खिडकी लावून घेतली." उन्हाळ्याची सकाळची शाळा, म्हणजे तासाला भर दुपारचं ऊन, वर पत्रा. पुढच्या तासाच्या वेळेला मी पायताण घालून निघालो. खोलीत शेटजी घामानं निथळत होते, आणि तेवढीशी पोरं वह्यांनी वारा घेत बसलेली. मी खिडकीच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

"पाटील," शेटजी हळूच म्हणाले, "ही परवानगी समजू का?"

"उकडतंय म्हणून उघडली," मी म्हणालो.

"मग उकडंल तवरच उघडी ठिवतो."

पुढं थंडीतही ती कधी लागली नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेटजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. नातीचं लग्न झालं, माझी जमीन पोरांनी वाटून घेतली, विहिरीवर नवी मोटार बसली. सगळं बरंच झालं म्हणायचं. पण माझ्या दारात येऊन, माझं 'नाही' ऐकायची तयारी ठेवून मला काही विचारणारा माणूस त्यांच्यामागं कुणी आला नाही.