जुन्या शिडाचे पाल

पावसाळ्यात डोंगर दिसला की घरात बसवत नाही, असा रेवसच्या कोळीवाड्यात हिरामण एकटाच होता. आषाढ लागला की मचवे किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारले जात आणि माणसे ओट्यावर जाळी दुरुस्त करत बसत. हिरामणच्या मांडीवर मात्र जुन्या शिडाचा तुकडा असे आणि हातात दाभण. पाठीवर टाकायची पिशवी, टोपीसकट डगला, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या असे काहीबाही तो शिवी. विकायला नव्हे, कोणी सांगितले म्हणूनही नव्हे. आपण शिवलेले अंगावर घालायचे आणि कनकेश्वराच्या नाहीतर सागरगडाच्या रानात चालत सुटायचे, एवढीच त्याची हौस.

मी तेव्हा बंदरावरच्या कचेरीत कारकून होतो. पावसात मुंबईची बोट बंद असे, हाताला काम थोडे, म्हणून दुपारी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे हा माझा नेम झाला. येणारे-जाणारे त्याची फिरकी घेत. "डोंगरावर पापलेट लागलंय का रं?" असे एखादी बाई जाताजाता विचारी. तो दाभणात दोरा ओवत म्हणे, "लागलं की पैला वाटा तुझा."

पहिल्या डगल्याची गोष्ट तर सगळ्या वाडीला पाठ होती. लाकूड पाण्यात कुजू नये म्हणून मचव्याला मुशी माशाचे तेल चोपडतात, तेच त्याने कापडाला चोपडले. पाणी अडले यात शंका नाही, पण तो अलिबागच्या बाजारातून गेला तेव्हा त्याच्या मागे सात मांजरे होती. पुढच्या वर्षी त्याने जवसाच्या तेलात मेण वितळवून लावले, पंधरा दिवस सावलीत वाळवले, आणि मांजरांचा प्रश्न मिटला.

थट्टा त्याला लागत नसे. लागत असे ते थोरल्या भावाचे बोलणे. येसाजी नाखवा मचव्याचा मालक, घरात शब्द त्याचा. जुने शीडही त्याला हवे असे, मासळीवर टाकायला, मचवा झाकायला. हिरामणने त्यातून हातभर कापले तरी नाखव्याच्या कपाळाला आठी पडे.

१९२८च्या उन्हाळ्यात हिरामणने दोन माणसे निजतील एवढे पाल शिवले. पहिल्या पावसातच तो ते घेऊन सागरगडावर गेला आणि दुसऱ्या दिवशी ओलाचिंब होऊन, शिंकत परत आला. त्या दिवशी मी ओट्यावरच होतो. येसाजी रागावला नाही, आणि तेच वाईट होते. तो शांतपणे म्हणाला की आणखी एकदा जा. नारळी पुनवेच्या आत, दोन राती राहा. कोरडा आलास तर दर साली जुनं शीड तुझं. भिजून आलास तर दाभण माझ्या हाती द्यायचं आणि हा नाद सोडायचा. कोरडेपणाची पारख कोण करणार, हा प्रश्न येसाजीच्या बायकोने, वेणूबाईने सोडवला. सुक्या मासळीचा तिचा व्यापार पेण-पोयनाडपर्यंत. तिने सुक्या बोंबलांची एक जुडी हिरामणपुढे ठेवली. "हे घेऊन जा. परत आणशील तवा मोडून बघीन," ती म्हणाली. भाऊ गप्पा मारील म्हणून साक्षीला मी जावे असेही ठरले.

हिरामणला आपली चूक कळत नव्हती. टाका बारीक होता, मेण पुरेसे होते, तरी पाणी आत आले कसे? आम्ही पाल माझ्या घरी नेले, अंगणात दोन खुंट्यांवर ताणले आणि वरून घागर ओतली. माझी आई, जनी, भात सडता सडता उठून आली. आमचे घर शेतकऱ्याचे, दरसाल छप्पर शाकारणारे. तिने पालाच्या जोडांवरून बोट फिरवले.

"हिरामणा, घर कंदी शाकारलं न्हाईस व्हय? खालचा थर पैला घालतात, वरचा त्याच्यावर चढवतात. तू उलटं केलंस. पान्याला हात धरून घरात आणतोस."

खरेच तसे होते. त्याने माथ्यापासून शिवायला सुरुवात करून प्रत्येक खालची पट्टी वरच्या पट्टीवर चढवली होती. उतरणारे पाणी प्रत्येक जोडाच्या फटीत अडकत होते आणि टाक्यांतून आत झिरपत होते. शिडाला हे चालते, शिडाने फक्त वारा धरायचा असतो. हिरामणने एक जोड बोटाने उचकटून पाहिला.

"मी पाल शिवलंच न्हाय, आई," तो म्हणाला. "मी शीड शिवलं."

मग त्याने सगळे जोड उसवले. आठ दिवस तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शिवत होता. या वेळी खालून वर, छपरासारखे, आणि दाभणाच्या प्रत्येक भोकावर मेणाचे बोट. बोंबलांसाठी त्याने वेगळी पिशवी शिवली, तोंड दोनदा दुमडून वर नाडीने आवळायची.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सागरगडाच्या माथ्यावर पाल ठोकले. दुसऱ्या दिवशी दुपारी जो पाऊस आला, तसा मी कचेरीच्या खिडकीतून कधी पाहिला नव्हता. दहा पावलांवरचे झाड दिसेना. मी आत बसून वर बघत होतो, हिरामण डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने त्याने हात वर करून एकेक जोड चाचपला आणि तळवा मला दाखवला. तो कोरडा होता. बाहेर मात्र पाणी एका जोडावरून दुसऱ्यावर उतरत थेट गवतात जात होते, आमच्या छपराच्या पागोळ्यांसारखे.

दोन रात्री काढून परतलो तेव्हा येसाजी ओट्यावर उभा होता. मी पाहिले तेवढे सांगितले, जास्त नाही, कमी नाही. वेणूबाईने पिशवीची नाडी सोडली, आधी नाक लावले, मग एक बोंबील काढून वाकवला. तो वाकला नाही, कडकन मोडला. तिने दोन्ही तुकडे नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि दिराला म्हणाली, "पाटीवर घालाया मला पन असलंच कायतरी शिव. माझा माल पोयनाडला जाईस्तो भिजतो."

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी मचव्याला नवे शीड चढले. जुने येसाजीने स्वतः खांद्यावर घातले, भर वाडीतून चालत आणले आणि हिरामणच्या ओट्यावर टाकले. दाराआड उभ्या बायकांनी ते पाहिले.

पुढे मुंबईची बोट सुरू झाली. धक्क्यावर ताटकळणारे उतारू कधी हिरामणच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघत आणि ती कोणत्या दुकानातली म्हणून विचारत. हिरामणने तोंड उघडायच्या आत येसाजी नाखवा उत्तर देई, "दुकानात कुठली मिळायची? आमच्या घरची हाय."