कोंबडीले लुगडं नसते

मेश्राम सिस्टर कोणाच्याही घरात शिरण्याआधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या. नुसतं चहाला बोलावलेलं असलं तरी. कारंजा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली होती. निवृत्तीनंतर पिपरी मेघेत आमच्या शेजारी घर बांधलं, पण ही सवय काही गेली नाही. बोलणं रोखठोक. एखादी बाई आपलं दुखणं आडवळणानं सांगू लागली की त्या म्हणत, "नाव घेतल्यानं तोंड विटाळत नाई. काय होते ते सांग."

मी शाळेत शिकवते. नवरा नोकरीमुळे बाहेरगावी, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. जाम गावाजवळचं आपलं खेडं सोडून आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी सोबत चार कोंबड्या आणल्या होत्या. त्यातली एक ठिपक्यांची, कवडी. एका रविवारी सकाळी खुराडं उघडलं तर कवडीच्या मागे लालबुंद मांसाचा गोळा लोंबत होता आणि बाकीच्या कोंबड्या त्याला चोची मारत होत्या. रक्त आलं होतं. आईंनी एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. "अंग बाहेर आलं तिचं," त्या म्हणाल्या. "आता कापून टाकलेली बरी."

मी सिस्टरना हाक मारली. त्या आल्या, हात धुतले आणि आधी कवडीला बाकीच्यांपासून वेगळं केलं. रक्ताचा लाल रंग दिसला की कोंबड्या टोचून टोचून जीव घेतात, हे त्यांनी सांगितलं. मग कवडीला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून आईंच्या मांडीवर दिलं. सिस्टरनी कोमट मिठाच्या पाण्यानं गोळा धुतला, आत अंडं अडकलं नाही ना ते बोटानं चाचपलं, मग साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेलं कापड त्यावर धरून ठेवलं. साखरेनं सूज उतरते, म्हणाल्या. मांस काळं पडलं असतं किंवा फाटलं असतं, तर जनावरांच्या डॉक्टरकडेच न्यावं लागलं असतं. पाव तासानं सूज उतरल्यावर बोटाला खोबरेल तेल लावून त्यांनी तो गोळा हळूहळू आत सारला आणि तसाच दाबून बसून राहिल्या. तोंडानं कवडीशी बोलणं चालूच होतं, एखाद्या अडलेल्या बाळंतिणीशी बोलावं तसं. "तुयी काही चूक नाई. अंडं मोठं होतं, जोर लावला, अंग सरकलं. बाईचंबी असंच होते."



कवडीला अंधाऱ्या खोलीत टोपल्याखाली ठेवायचं, दाणा कमी द्यायचा, म्हणजे काही दिवस अंडं धरणार नाही, असं सिस्टरनी बजावलं. दुसऱ्या दिवशी अंग पुन्हा बाहेर आलं. सिस्टरनी पुन्हा तेवढ्याच शांतपणे आत बसवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र ते आत राहिलं. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी टोपल्यापाशी बसल्या होत्या, सिस्टर जमिनीवर आणि आई स्टुलावर. आईंनी खाली मान घालून विचारलं, "लय जुनं असलं तरी बसते का वो?"

सिस्टरनी टोपल्याकडे पाहिलंच नाही. त्या आईंकडे पाहत होत्या. "किती वर्सं झाली, बाई?"

"अकरा."

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. आई जमिनीवर बसायचं टाळत. लग्नाकार्याला जात नसत. मोरीत अर्धा अर्धा तास लावत आणि मी शाळेला उशीर होतो म्हणून दार वाजवत असे. पाठीवर पोती वाहत शेतात राबलेलं ते शरीर इतकी वर्षं काय सांभाळत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर आल्यावर मी सिस्टरना तेच म्हणाले, की मला कधी कळलंच नाही.

त्यांनी मला रागावलं नाही. "कोंबडीले लुगडं नसते, म्हनून तिचं तुले पहिल्याच दिवशी दिसलं," त्या म्हणाल्या. "बाईले इचारा लागते."

पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः आईंना दवाखान्यात घेऊन गेल्या. ऑपरेशन झालं. मी रजा घेतली होती, तरी पहिल्या रात्री आईंनी सिस्टरनाच थांबवून घेतलं. दोन महिन्यांनी आई पाट घेऊन माझ्या शेजारी जेवायला बसल्या. कवडीही जगली. अंडी कमी द्यायची, पण द्यायची.

सिस्टर गेल्या वर्षी गेल्या, झोपेतच. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या बाया तर होत्याच, शिवाय कारंजाकडच्या खेड्यांतूनही पुष्कळजणी आल्या होत्या. बुद्धवंदना झाली, दोन-चारजण बोलले. मग आई उठल्या. चारचौघांत त्यांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"माहं अंग बाहेर येत होतं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं मी कोनाले सांगतलं नाई. या बाईनं मले इचारलं. आता मी बरी हावो."

 मांडवातले पुरुष खाली पाहत राहिले. आई शांतपणे परत येऊन बसल्या. जेवणं झाली, लोक पांगले, तरी एक चाळिशीची अनोळखी बाई मांडवाच्या खांबापाशी उगीच पदर सारखा करत उभी होती. आईंनी तिच्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस, बाई. किती वर्सं झाली?"