कलमाची काडी

टीव्हीवरच्या सिनेमात एका आईला तिच्या मेलेल्या मुलाच्या केसापासून हुबेहूब तसाच मुलगा करून दिला, तेव्हा माझ्या जाऊबाईंचा मटार सोलणारा हात थांबला. त्यांचा निखिल जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

"तुझ्या नर्सरीत एका काडीपासून तोच आंबा होतो ना गं?"

"होतो."

"मग?" त्यांनी उठून कपाटातून निखिलचा कंगवा आणला. कंगव्याच्या दात्यांत केस अडकलेले होते.

आंब्याचं बरं असतं. मूळ झाड वठलं तरी त्याची कलमं दारोदार फळत राहतात. पण कलमाला काडी जिवंत लागते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सुनावते. जाऊबाईंना ते सांगवेना.

"तुझ्या काड्यांसारखा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

मी उठले आणि फडकं भिजवून आणलं.