मागच्या सीटवरचे गंगारामकाका

गल्लीत नवी गाडी आली की लोक आधी स्टिअरिंग धरून बघत. गंगारामकाका मात्र मागचं दार उघडून आत बसत, गुडघ्यांना जागा पुरते का पाहत आणि डोळे मिटून घेत. आदिलाबादकडच्या इचोड्यात ते आमचे शेजारी. मुलगी सासरी; बायको गेल्यापासून एकटेच राहत. उटनूरच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी उभी नोकरी जीपचे ड्रायव्हर म्हणून काढली. जंगलातल्या गावांतून दिवस भरलेल्या कितीतरी बायकांना दवाखान्यात पोचवलं. म्हणत, "डायवरले काय समजते? खड्डा मांगच्याले लागते."

माझी बदली उटनूरजवळच्या शाळेत झाली तेव्हा मी गाडी घ्यायचं ठरवलं. आमच्या घरातली ही पहिलीच चारचाकी. आईवडिलांचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांत गेलेलं. ऐपतीत बसेल अशी, लहान पण जरा उंच गाडी मनात होती. काका आदिलाबादच्या शोरूमला सोबत आले.

सेल्समन कौतुकानं मोठा स्क्रीन दाखवू लागला. "टीवी घर में है," काका म्हणाले, "सीट दिखाओ." मला त्यांनी साडीवर चार वेळा गाडीत चढायला-उतरायला लावलं. मग सीट वर करून घेतली.

"बोनेटचं टोक दिसून राह्यलं का?"

"दिसतं, काका."

"मंग ठीक. रोजची गाडी हाय, मिरवाची नाही."

सेल्समननं किल्ली त्यांच्यापुढे धरली. "चलाना इनको है," म्हणत त्यांनी ती मला दिली आणि मागे जाऊन बसले. मी नुकतीच शिकलेली. गावाबाहेरच्या चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता, शेजारी सेल्समन घाम पुसत होता.

"काका, तुम्ही घ्या ना."

ते मागून पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "पोरी, मले आता अर्धाच रस्ता दिसते. काचबिंदू हाय म्हणते डाक्टर. पोरीले सांगतलं नाही अजून." आणि लगेच, "तू काऊन भेतं? ट्रकवाला थांबून राहते. क्लच हळू सोड."

गाडी चढाव चढली. परत आल्यावर त्यांनी निकाल दिला, "वळणावर मांगचा मानूस सरकत नाही. चढावर इंजिन जरा रडते, तवा गिअर खाली घेजो. घे ही."

गाडी घरी आली आणि पहिली खेप डोळ्यांच्या दवाखान्याची झाली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपता येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर मुलीला फोन केला. ती भैंशाला राहते. "इकडंच या आता," ती म्हणाली. त्यांनी वाद घातला नाही.

त्यांना सोडायला मीच गेले. वाटेतल्या निर्मल गावापर्यंत मागून सूचना चालू होत्या: बैलगाडी हाय, लांबून जा, ब्रेक आधीच दाब. पुढे आवाज थांबला. आरशात पाहिलं, तर मान एका बाजूला कलली होती.

घरासमोर गाडी उभी केली. त्यांची मुलगी धावत आली आणि काचेतून आत बघून थबकली.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा दुसऱ्याच्या हातच्या गाडीत कदी झोपत नाहीत."

मी एसी चालूच ठेवला. दार न वाजवता बाहेर आले, आणि ते आपणहून जागे होईपर्यंत आम्ही दोघी सावलीत उभ्या राहिलो.