सोनूआत्या आणि समोरची वखार

सोनूआत्या गेल्याचा निरोप वाशिंदहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं आणला. "जुलाब लागले नि बघता बघता आटोपलं," असं सांगून तो चहाला बसलासुद्धा. महिना होत आला, पण माझा राग अजून उतरलेला नाही...

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शहापुरात एकटी राहायची. कल्याणच्या छावणीत जागा पुरेना, तेव्हा सिंधमधली काही निर्वासित कुटुंबं तिच्या घरासमोरच्या भाताच्या जुन्या वखारीत येऊन पडली. वखारीला ना खिडकी, ना मोरी. आत्यानं कूड घालून प्रत्येक बिऱ्हाडाला आडोसा करून दिला, जमीन चोपून सारवायला शिकवलं. पण दारापुढचे आळीचे उकिरडे कुणी हलवू देईना, आणि त्यांना लागूनच वखारीची विहीर. आळीच्या चांगल्या विहिरीवर निर्वासितांना बंदी. पाहुणचार म्हणतात तो हाच!

आत्यानं स्वतःचा उकिरडा पाटीपाटीनं शेतावर नेला आणि मग ती दारोदार फिरली. शेजारचे तुकातात्या म्हणाले, "सोने, शेन म्हंजे आमचं भात हाय गो. राब भाजायचे दिस आले का शेतात जाळाया उचलू. आत्ता नाय."

"भात तुमचं, पोरं त्यांची. दोनी जगू द्या की, तात्या."

तात्या ढिम्म हलले नाहीत. तेव्हापासून आत्या वखारीच्या विहिरीचंच पाणी पिऊ लागली. मी चिडलो, तर म्हणाली, "आपल्यातलं मानूस ह्या पान्यावर हाय म्हटल्यावर तरी लाजतील रे." वेडी! लाजायला मुळात लाज असावी लागते. माघात अवकाळी पाऊस झाला, उकिरड्यांचं पाणी विहिरीत उतरलं. वखारीतली दोन पोरं गेली, पाठोपाठ आत्या.

तेराव्याला सगळी आळी जेवायला. पंगतीला जागा एकच, वखारीपुढची. पाहुण्यांना वास यायला नको म्हणून तात्यांसकट सारे सकाळीच कंबर कसून आले आणि पानं मांडायच्या आत उकिरडे उचलून, जमीन सारवून मोकळे झाले. राबाचे दिवस कुणाला आठवले नाहीत. "सोनीचं नाव राखाया पायजे ना," तात्या मला म्हणाले. वखारीतल्या बायका दारात उभ्या होत्या. त्यांना पंगतीला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा शेण पडलं. उकिरडे उचलायला फावडं आत्याच्याच घरातून नेलं होतं. ते अजून कुणी परत आणलेलं नाही.